बत्तीस डबे आणि ठिपक्यांचा कागद

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या क्लासमध्ये मी मुलांकडून पॉप आर्ट (दुकानातल्या वस्तू, जाहिराती, कॉमिक यांवरून केलेली चित्रकला) 'करून घेतलं' होतं. कागदाचे चार चौकोन करायचे, चारही चौकोनांत आपल्या हाताचा पंजा गिरवायचा आणि प्रत्येक पंजा वेगळ्या भडक रंगात भरायचा. मुलांसाठी पॉप आर्ट म्हणून इंटरनेटवर शोधलं की हेच समोर येतं. अकरा मुलांचे अकरा कागद दोरीला लावले, पालकांनी फोटो काढले. निघताना एका आठ वर्षांच्या पोरानं विचारलं, "बाई, पण चार वेळा का काढायचं?"

मी म्हटलं, "पॉप आर्टमध्ये तसंच असतं."

हे उत्तर मला लहानपणी कुणी दिलं असतं तर मी रंगपेटी मिटून घरी गेले असते. यंदा सुट्टीत पुन्हा तोच विषय घेतला तो त्या प्रश्नासाठी. तो पोरगा आता अकरा वर्षांचा आहे, आणि त्याला स्वतःला काहीही आठवत नाही.

वर्षभर माझा क्लास म्हणजे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. सुट्टीत मात्र परीक्षा नसलेली मुलं येतात, आठ ते बारा वयाची. वेळ सकाळी साडेसात ते नऊ, जागा आमची गच्ची. नऊनंतर सांगलीच्या उन्हात पत्र्याखाली बसवत नाही.

पहिल्या दिवशी अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचे सुपाचे डबे दाखवले. १९६२ सालचं काम. एकाच कंपनीच्या सुपाचे बत्तीस प्रकार, प्रत्येकाचं एक चित्र, सगळी एकाच मापाची, २० इंच उंच आणि १६ इंच रुंद. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात ती आज ओळीनं लावलेली असतात. लॅपटॉपवर मुलांनी आधी डबे मोजले आणि मग सगळ्यांचं एकमत झालं की हे छापलेलं आहे. छापलेलं नाही म्हटल्यावर विश्वास बसेना. जाळीतून रंग दाबून छापायच्या पद्धतीकडे वॉरहॉल वळला तो यानंतर. हे डबे त्यानं एकेक करून हातानं रंगवलेत, डब्याच्या तळाशी फिरणारी बारीक नक्षी तेवढी शिक्क्यानं उठवली आहे. डबेच का, तर तो म्हणायचा की मी वीस वर्षं रोज दुपारी हेच सूप पीत आलोय. "म्हणजे आमच्याकडच्या वरणभातासारखं," एक मुलगी म्हणाली. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

वॉरहॉलचं बालपण मुलांना सांगण्यासारखं आहे. पिट्सबर्गमधलं गरीब, परदेशातून आलेलं कुटुंब. लहानपणी त्याला हातपाय आपोआप झटके देतात असा आजार झाला आणि तो बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता. तिथेच चित्रं काढायची, सिनेनटांचे फोटो जमवायचे. आई ज्युलिया रिकामे पत्र्याचे डबे कापून त्यांची फुलं करायची आणि विकायची. डब्याकडे बघायला त्याला आर्ट स्कूलनं शिकवलं की आईनं, हे मी मुलांवर सोडून दिलं. (त्यानं केलेली सिनेनटी मेरिलिन मन्रोची चित्रं मी दाखवली नाहीत. ती मेल्यावर लगेच काढलेली आहेत, त्याबद्दल मोठ्या मुलांशी बोलता येतं.)

सगळ्यात जास्त आवडली ती दुकानाची गोष्ट. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत हे डबे पहिल्यांदा लागले तेव्हा ते किराणा दुकानात मांडतात तसे अरुंद फळीवर ठेवले होते. एकाची किंमत १०० डॉलर. शेजारच्या एका गॅलरीवाल्यानं टिंगल म्हणून आपल्या काचेत खरे सुपाचे डबे रचले, आमच्याकडे स्वस्त मिळतील म्हणून. मोजकीच चित्रं विकली गेली. मग गॅलरीचे मालक आयर्विंग ब्लम यांना वाटलं की हा संच फोडायचा नाही. विकलेली चित्रं त्यांनी गिऱ्हाइकांकडून सोडवून घेतली आणि सगळ्या बत्तीसांचे मिळून १००० डॉलर वॉरहॉलला हप्त्याहप्त्यानं दिले. हप्ता म्हणजे काय, हे मुलांना समजावावं लागलं नाही.

मग गृहपाठ. घरात कायम आणली जाते अशी एक वस्तू आणा. दुसऱ्या दिवशी गच्चीवर काडेपेटी, चहाचा पुडा, हिंगाची डबी, पापडाचं पाकीट, वॉशिंग पावडर. तीच वस्तू तीनदा काढायची, तिन्ही सारखी आली पाहिजेत. आठदा म्हणणार होते, पण चेहरे बघून तीनवर आले. एका आईनं संध्याकाळी फोन केला, "बाई, हिंगाची डबी काढायला क्लास लावलाय का?" मी म्हटलं, डबी काढून झाली की तुम्हीच एकदा बघा.

हिंगवाली मुलगी नऊ वर्षांची. पहिल्या डबीवर तिनं झाकण, गोल पोट आणि मध्ये नाव काढलं; आपण डबी जेवढी बघतो तेवढीच. दुसरी तशीच काढायला घेतली तेव्हा लक्षात आलं की नावाखाली एक बारीक पट्टी आहे, ती पहिलीत राहिली. मग पहिली दुरुस्त केली. तिसरीला झाकणाच्या कडेवरचे उभे दात दिसले, बोट घसरू नये म्हणून असतात ते. ते तिन्ही डब्यांना घालणं आलं. दीड तास गेला, मनगट दुखायला लागलं, आणि तिसऱ्या डबीवरची अक्षरं जराशी उजवीकडे कलली. "बाई, चार वेळा का?" याचं उत्तर मला त्या कललेल्या अक्षरांत दिसलं. मी काही बोलले नाही, नाहीतर त्याचंही टिपण करून घेतलं असतं पोरांनी.

कॉमिकमधली चित्रं मोठी करून रंगवणाऱ्या रॉय लिक्टेनस्टाइनला दोन दिवस लागले, त्यात एक दिवस वाया गेला.

त्याची गोष्ट सोपी. 'लुक मिकी' हे १९६१ चं चित्र. डोनाल्ड डकचा गळ त्याच्याच कोटाला अडकलाय आणि त्याला वाटतंय केवढा मासा लागला. मागे मिकी तोंड दाबून हसतोय. लिक्टेनस्टाइनच्या मुलानं म्हणे मिकीच्या पुस्तकाकडे बोट करून बापाला आव्हान दिलं होतं, एवढं चांगलं तुम्हाला जमणार नाही. मिकीच्या तोंडावर बारीक लाल ठिपके आहेत. स्वस्त छपाईत गुलाबी रंग वेगळा घ्यायला नको म्हणून पांढऱ्यावर लाल ठिपके मारायचे आणि लांबून गुलाबी दिसू द्यायचं, ही एकोणिसाव्या शतकातल्या बेंजामिन डे या मुद्रकाची युक्ती; म्हणून त्यांना बेन-डे डॉट्स म्हणतात. मुलांना भिंग देऊन रविवारच्या पुरवणीवर बसवलं. दहा मिनिटं गच्चीवर आवाज नाही. आपल्या पेपरातले ठिपके लहानमोठे असतात, त्याचे सगळे एकाच मापाचे, हा फरक त्यांनीच काढला.

आता ते काढायचे कसे? सुरुवातीला त्यानं कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश रंगात बुडवून टेकवला होता, आणि पुढे भोकं असलेल्या पत्र्याची जाळी वापरली. ही जाळी आणायची कुठून, असं मी म्हणत होते आणि खाली सासूबाई ऐकत होत्या. त्या वर आल्या त्या जुन्या ट्रंकेतला ठिपक्यांचा कागद घेऊनच. उदबत्तीनं भोकं पाडलेला जाड कागद, कडा तपकिरी जळक्या. जमिनीवर ठेवायचा, वरून मूठभर रांगोळी पसरून हात फिरवायचा, अलगद उचलायचा की पंधरा ओळींचे ठिपके तयार. मी लहानपणी शंभरदा केलेलं काम. लिक्टेनस्टाइनची चित्रं मी पंचवीस वर्षं पुस्तकांत बघतेय, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही पोस्टर कलर पातळ करून ब्रशनं लावला. रंग कागदाखाली पसरला आणि ठिपक्यांचे लाल ओघळ झाले. एकाचा मिकी कांजिण्या झाल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी भोकं जवळजवळ पाडून नवे कागद केले (उदबत्ती मी धरली, मुलांनी नुसते पेन्सिलीनं फुल्या मारल्या), रंग बाटलीतून काढला तसाच घट्ट ठेवला आणि स्पंजचा तुकडा जवळजवळ कोरडा करून नुसता टेकवला. घासायचं नाही. कागद उचलताना दोन्ही कोपरे एकदम उचलायचे. गालाएवढ्या जागेत ठिपके उमटले आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मुलांनी खात्री करून घेतली की गुलाबी दिसतंय.

तेव्हा त्या अकरा वर्षांच्या शहाण्यानं विचारलं, "पण मूळ चित्र ज्यानं काढलं त्याचं नाव कुठंय?"

इथे मी हात झटकले नाहीत. 'व्हॅम!' हे लिक्टेनस्टाइनचं १९६३ चं विमानांचं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, चार मीटर लांब. ते मुख्यतः एका युद्धकथांच्या कॉमिकमधल्या आयर्व्ह नोव्हिक यांच्या चौकटीवरून घेतलंय. त्यानं मांडणी बदलली, रेषा कमी केल्या, आकार कितीतरी मोठा केला. हे सगळं खरं. पण नोव्हिकचं नाव चित्रावर नाही. मुलांत दोन तट पडले. परीक्षेत शेजारच्याचं बघून काढलं तर बाहेर काढतात, हा एका तटाचा मुद्दा. "पण बाई, तुम्हीच तर परवा हिंगाची डबी बघून काढायला लावली," हा दुसऱ्याचा. माझं मत विचारलं तेव्हा मी सांगितलं, नाव द्यायला हवं होतं. डबी ज्यानं आखली त्याचंही? कॉमर्शियल आर्टिस्टचं नाव कोण देतं? यावर मला बोलता आलं नाही. वॉरहॉलनं १९६४ मध्ये ब्रिलो साबणाची लाकडी खोकी केली, ते मूळ खोकं जेम्स हार्वी नावाच्या माणसानं आखलं होतं, आणि तो स्वतः चित्रकार होता. पोट भरायला खोकी आखायचा. हे सांगितल्यावर मुलं जरा गप्प झाली.

रोजच्या वस्तूंची अवाढव्य शिल्पं करणाऱ्या क्लेस ओल्डेनबर्गसाठी मात्र हसत हसत बसलो. १९६२ मधलं त्याचं सात फूट रुंदीचं बर्गर कापडाचं आहे, आत फोम आणि पुठ्ठ्याची खोकी कोंबलेली. शिवणकाम बायकोनं, पॅटीनं केलं. ते टोरांटोच्या संग्रहालयानं विकत घेतलं तेव्हा चित्रकलेचे विद्यार्थी भलीमोठी केचपची बाटली घेऊन निषेधाला आले होते. फिलाडेल्फियात सिटी हॉलसमोर त्याचा ४५ फुटी पोलादी चिमटा उभा आहे, कपडे वाळत घालायचा. १९७६ चा. त्याच्या स्प्रिंगमध्ये लोकांना ७६ हा आकडा दिसतो.

चिमटा म्हटल्यावर मुलं आमच्या दोरीकडेच बघायला लागली. सासूबाईंच्या साड्या उतरवून चिमटे वाटून घेतले. ओल्डेनबर्ग अशा न बांधता येणाऱ्या स्मारकांची चित्रंही काढायचा, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी राक्षसी टेडी बेअर, थेम्स नदीवर तरंगणारे गोळे. मग आमच्या नदीत काय? कृष्णेत आयर्विन पुलाशेजारी उभा चिमटा, पुलापेक्षा उंच. एकीनं त्याला पुलाचा कठडाच चिमटीत धरायला लावला, पुरात वाहून जाऊ नये म्हणून. २०१९ चा पूर तिला आठवत नसेल, घरात ऐकलेला असणार.

शेवटच्या दिवशीचं प्रदर्शन मी खाली लावलं. अगदी खाली, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. कल्पना माझी नाही. १९८३ साली झ्युरिकमध्ये वॉरहॉलनं खेळण्यांच्या खोक्यांवरची चित्रं रंगवून खास मुलांसाठी प्रदर्शन केलं होतं. चित्रं लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि सोबत मूल नसेल तर मोठ्या माणसाला तिकीट. मी तिकीट लावलं नाही, पण पालकांना वाकावं लागलं. फोन करणाऱ्या आई गुडघे धरून हिंगाच्या डब्यांपर्यंत पोचल्या.

त्या मुलीचे आजोबाही आले होते. सांगली-मिरजेत चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. फ्लेक्स आल्यावर काम बंद झालं. ते सरळ फरशीवर मांडी घालून बसले. तिन्ही डब्या बघून झाल्यावर तिसरीवर बोट ठेवलं.

"अक्षर कललंय."

"हात दमला होता," नात म्हणाली.

"दमला की खालची बाजू आधी भरायची. वरून सुरू केलं की कलतंच." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं. मी कोरा कागद दिला. मुलं भोवती येऊन बसली आणि पालकांना खाली थांबायला सांगितलं.