वेताळ टेकडी, जूनचा दुसरा आठवडा: नत्राच्या मागावर

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर कुणी मोर बघायला जातं, कुणी घाम गाळायला. आम्ही या वेळी पाचोळा बघायला गेलो. दिवस मुद्दाम निवडलेला, पहिल्या दोन मोठ्या सरींनंतरचा तिसरा. जंगलातल्या नत्राचा वर्षभराचा हिशेब बघायचा असेल तर हाच आठवडा गाठावा. एप्रिलमध्ये काहीच हलत नाही, आणि ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार होऊन गेल्यावर पुरावा उरत नाही.

विधी महाविद्यालयाच्या मागून चढायला लागलं की बराच वेळ गिरिपुष्पाची सोबत असते. टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलेलं हे मध्य अमेरिकेतलं झाड. याचा पाला भातखाचरात तुडवतात. उंदरांना विषारी, म्हणून उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव. याच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरतात. हवेत ७८ टक्के नत्र असूनही झाडाला तो थेट घेता येत नाही.

गाठी बघायच्या तर वीतभर उंचीचं रोप घ्या, पण उपटू नका. उपटलं की बारीक मुळं तुटतात, गाठी मातीतच राहतात आणि मग ‘याला गाठीच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. खुरप्यानं चहूबाजूंनी ढेकूळ सुटं करा आणि पाण्याच्या बादलीत सोडा, माती आपोआप गळते. गाठ नखानं चिरली की आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरी असेल तर अजून कोवळी, हिरवट-तपकिरी असेल तर निवृत्त. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. नत्र धरणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं, म्हणून गाठीच्या आत मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवावा लागतो. ते काम हे भावंड करतं. जूनमध्ये गाठी थोड्याच सापडतात, कारण कोरड्या मातीत त्या टिकत नाहीत. भरगच्च पाहायच्या असतील तर ऑगस्टमध्ये परत यावं लागेल.

एक गैरसमज इथेच मिटवून टाकू. शेंग दिसली म्हणजे झाड नत्र धरतं असं नाही. बहावा, कांचन, तरवड, टाकळा ही सगळी शेंगावाली मंडळी, पण त्यांच्या मुळांवर गाठी नसतात. खैर, पळस, पांगारा यांच्या असतात. वृक्षारोपणाच्या फलकावर ‘बहावा जमिनीत नत्र वाढवतो’ असं वाचलं तर खुशाल दुरुस्त करा.

वर पठारावर पोचलं की गिरिपुष्प विरळ होतं आणि गेल्या वर्षीचं वाळकं गवत लागतं. खरी गंमत इथे. गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्यात, वाळल्यावर मोजलं तर, ३ टक्क्यांच्या आसपास नत्र असतो. वाळक्या गवतात अर्धा टक्काही मुश्किलीनं. कार्बन दोन्हीत साधारण ४५ टक्के. म्हणजे एका भाग नत्रामागे कार्बन पाल्यात १५ भाग, गवतात ९०. पाचोळा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना २५ च्या आसपासचं प्रमाण परवडतं. त्याच्या खाली असेल तर उरलेला नत्र ते मातीत सोडतात, वर असेल तर मातीतला उपलब्ध नत्रही स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून गवताच्या गादीखाली पहिले काही आठवडे रोपं पिवळी दिसतात. खत नाही म्हणून नव्हे, तर खत दुसऱ्याच्या ताटात आहे म्हणून. गळून पडलेल्या पानाचं गणित आणखी वेगळं. पान गळण्याआधी झाड त्यातला जवळपास निम्मा नत्र परत खेचून घेतं, त्यामुळे झाडावरचं हिरवं पान तोडून केलेला हिशेब पाचोळ्याला लागू पडत नाही.

कुजण्याचा वेग मोजायची रीत सोपी आहे. २० बाय २० सेंटिमीटरच्या नायलॉन जाळीच्या पिशव्या घ्यायच्या, भोकं २ मिलिमीटरची. प्रत्येकीत १० ग्रॅम वाळका पाला भरून नंबर घालायचा आणि पिशवी जमिनीला टेकवून खिळ्यानं पक्की करायची. दर १५ दिवसांनी तीन-चार उचलायच्या, हलकेच धुवायच्या, ६५ अंशांवर वाळवून वजन करायचं. चुका ठरलेल्या असतात. चिकटलेली माती तशीच वजनात जाते आणि पाला कुजलाच नाही असं दिसतं. घाईत १०५ अंशांवर वाळवलं तर काही नत्र भट्टीतच उडतो. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे वाळवी. तिनं पिशवी रिकामी केली तर तो पाला कुजलेला नाही, फक्त वारुळात गेलेला आहे.

पण पहिल्या पावसानंतरचे दिवसच का? उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या मातीत पाणी शिरलं की मेलेल्या सूक्ष्मजीवांचं शरीर आणि सुटं झालेलं सेंद्रिय द्रव्य उरलेल्यांना एकदम खायला मिळतं. काही दिवसांतच अमोनियम आणि पाठोपाठ नायट्रेट, म्हणजे झाडांना घेता येणारी नत्राची दोन रूपं, उसळतात. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर बर्च या शास्त्रज्ञानं १९५८ साली हे सविस्तर मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. नेमक्या या वेळी बऱ्याच झाडांना पुरेशी पानं नसतात, मुळं सुस्त असतात. अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहतं, नायट्रेट चिकटत नाही. पुढची मोठी सर ते घेऊन जाते.

समशीतोष्ण जंगलात हेच बर्फ वितळताना होतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं हबर्ड ब्रूक हे त्याचं सर्वांत अभ्यासलेलं ठिकाण. तिथे झाडांना पानं फुटण्याआधीच जमिनीवर एक छोटी लिलीवर्गीय वनस्पती उगवते, नत्र शोषते आणि झाडांची पानं पसरल्यावर वाळून तो परत देते. वाहून जाणारा नत्र अडवणारा हा ‘वसंतातला बांध’, ही कल्पना १९७६ साली आली. पुढे दुसऱ्या जंगलांतल्या मोजणीत दिसलं की मोठा वाटा मातीतल्या सूक्ष्मजीवांचा आहे. आमच्या मते टेकडीवरचा बांध गवताचा. पठारावर पहिल्या पावसात गवताच्या नुसत्या ठोंबांतून कोंब वर येतात, झाडं मात्र अजून विचार करत असतात.

बांध फुटला तर काय होतं तेही हबर्ड ब्रूकनं दाखवलं. १९६५ च्या अखेरीस तिथल्या एका पूर्ण पाणलोटातली झाडं तोडून जागेवरच पडू दिली आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट चाळीस पटींहून जास्त वाढलं. तणनाशक थांबवल्यावर मातीत दडलेल्या बियांमधून रानचेरी आणि इतर झाडोरा उसळला, आणि काही वर्षांत गळती आटोक्यात आली.

मंदिराच्या अलीकडे एक जळका पट्टा लागला. वणव्यात पाचोळ्यातला बराचसा नत्र वायुरूपानं जातो. राखेत चुना, पालाश, स्फुरद राहतं, नत्र नाही. मुळशी-मावळात राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, तेव्हा रोपं हिरवीगार होतात ती राखेतल्या नत्रामुळे नव्हे. तापलेल्या वरच्या मातीत अमोनियम सुटतं, पण तो फायदा थोडे दिवसच टिकतो.

जुन्या खाणीच्या काठाशी पाण्याखालचा काळा गाळ आहे. तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि नत्र परत हवेत सोडतात. कुजकट वास गंधकाचा, त्याचा नत्राशी संबंध नाही.

मातीचा नमुना घेणाऱ्यांसाठी एवढं सांगतो की त्यातला नत्र त्याच दिवशी द्रावणात काढा. १० ग्रॅम माती, २ मोलर पोटॅशियम क्लोराइड ५० मिलिलिटर, तासभर हलवून गाळायचं. तोवर बर्फाच्या डब्यात. ओली माती पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत दुपारभर ठेवली तर उबेनं नायट्रेट वाढतं, आणि मोजलं जातं ते डिकीतलं नायट्रेट. नाल्याच्या पाण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानातल्या पट्ट्या अंदाजापुरत्या चालतात. पट्टीवर ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट-नत्र’, ते आधी पाहा, दोन आकड्यांत ४.४३ पटीचा फरक असतो. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम नत्र. पाषाणच्या बाजूला उतरताना बाटली पहिल्या घराच्या वरच भरा. त्याच्या खाली भरली तर आकडा सांडपाण्याचा येतो, टेकडीचा नाही.