मागच्या रांगेतला ठेका

शाळेच्या बँड पथकात मी मोठा ड्रम वाजवायचो. प्रभातफेरीच्या फोटोंत बिगुलवाले ऐटीत दिसतात, माझी फक्त टोपी. सर म्हणायचे, "तू ठेका सोडू नकोस रे, सुरांचं ते बघून घेतील." स्मरणिकेसाठी आठवणी लिहायला बसलो आणि सरांच्या या वाक्यामागोमाग लंडनचा 'सिमांडे' हा बँडच डोक्यात वाजायला लागला. संपादक मंडळाने चालवून घ्यावं.

नोकरीनिमित्त दक्षिण लंडनमध्ये राहायला गेलो तेव्हा हे नाव कानावर आलं. गयाना, जमैका अशा कॅरिबियन मुलखांतून आलेल्या पोरांनी १९७१ साली हा बँड काढला. फंक, रॉक, रेगे आणि जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे ढोल, सगळं एकत्र. पाठीशी बडी कंपनी नव्हती. १९७२ चा पहिला अल्बम निर्माते जॉन श्रोडर यांच्या 'अलास्का' या छोट्या कंपनीने काढला. इंग्लंडात फारसं कुणी विचारलं नाही. अमेरिकेत मात्र 'द मेसेज' हे गाणं १९७३ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. तिथला नावाजलेला सोल गायक अल ग्रीन याच्याबरोबर दौरा झाला, न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरात कार्यक्रम झाला. इंग्लंडला परतले, तर पुन्हा तीच उपेक्षा. यात वर्णभेदाचा वाटा मोठा होता, असं माझं मत. तीन अल्बम करून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मंडळी थांबली.

खरी गंमत त्यानंतरची. त्यांचं एक गाणं आहे 'ब्रा' (म्हणजे 'भाऊ', हसू नका). त्यात मध्येच गाणारे बाजूला होतात आणि स्टीव्ह स्किपिओचा बास (खर्जातली गिटार) आणि तालवाद्यं पुढे येतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले डीजे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून नेमका तेवढाच तुकडा परत परत फिरवायचे आणि पोरं त्यावर नाचायची. १९८९ मध्ये 'दे ला सोल' या अमेरिकन हिप-हॉप गटाने 'ब्रा' आपल्या गाण्यात वापरलं, १९९६ मध्ये 'फुजीज' या तशाच गटाने यांचंच 'डव्ह' घेतलं. म्हणजे बँड बंद पडला होता आणि त्याचा ठेका परक्या देशात चालूच होता! आमच्या सरांनी तो टेबलावर बोटांनी आठ मात्रा मोजून सरळ केरव्यात बसवला असता.

दरम्यान स्किपिओ आणि गिटारवादक पॅट्रिक पॅटरसन दोघंही वकील झाले होते. बँडवर पोट भरेना म्हटल्यावर माणसं काळा कोट चढवतात, यात मला काही वावगं वाटत नाही. पुढे जुनी मंडळी पुन्हा जमली आणि २०२५ मध्ये त्यांचा 'रेनेसन्स' हा नवा अल्बम आला. चांगला आहे, पण माझ्या कानाला जरा जास्तच घोटीव वाटतो. कुणाला ऐकायचंच असेल, तर १९७२ च्या अल्बमपासून सुरुवात करा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यावर बास ऐकूच येत नाही.