पंधरवड्याची हवा

१९८६ चा नोव्हेंबर. एडिंबरामधल्या एका रुग्णालयात मी छातीच्या विभागात रजिस्ट्रार होतो. ही शाखा तिथल्या डॉक्टरांना फारशी नको असायची, म्हणून आमच्यासारख्या भारतातून आलेल्यांच्या वाट्याला यायची. असो.

एक एक्स-रे लावला आणि बघतच राहिलो. डाव्या फुफ्फुसाभोवती चुन्याचं जाड कवच, अंड्याच्या टरफलासारखं. ज्युनिअर म्हणाला, "बायोप्सी करू या?" म्हटलं, "आधी बाईंना तर विचारू."

बाई पंचाहत्तरीच्या. "ती होय? ती माझी हवा!"

१९३३ मध्ये, बाविसाव्या वर्षी त्यांना क्षय निघाला. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला अजून दहा वर्षं होती. स्पिटल स्ट्रीटच्या दवाखान्यात फासळ्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत. फुफ्फुस मिटतं, त्याला विश्रांती मिळते. हवा जिरते, म्हणून पंधरवड्याला पुन्हा सुई. अशी चार वर्षं. त्याचीच खूण हे कवच. सुईला जोडलेल्या नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली व्हायचं, त्यावर त्यांची नजर असायची. "पाणी हललं नाही म्हणजे सुई चुकली, डॉक्टर." हे त्या मला शिकवत होत्या!

सर रॉबर्ट फिलिप यांनी १८८७ मध्ये याच शहरात, बँक स्ट्रीटवर क्षयाचा दवाखाना काढला. त्यांची पद्धत अशी, की रोग्याच्या घरी जायचं आणि घरच्या सगळ्यांना तपासायचं. बाईंकडेही नर्स यायची. खिडकी उघडी आहे ना, कप वेगळा आहे ना, बघून जायची. साताऱ्याला आमच्या आत्याची कपबशीही वेगळ्या कोनाड्यात असायची. तिथे मात्र बघायला कुणी यायचं नाही.

बाईंच्या थुंकीत जंतू निघाले. पन्नास वर्षं निपचित पडलेले, म्हातारपणी उठले. औषधं दिली: रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पहिले दोन महिने पायराझिनामाइडही. एकूण सहा महिने.

"आणि झोपून किती दिवस राहायचं?"

"एकही नाही."

मी थापा मारतोय असंच त्यांना वाटलं असावं. घरात कोण कोण, विचारल्यावर आवाज एकदम खाली गेला. मुलगा, सून, दोन नातवंडं. "मुलाला यातलं काही माहीत नाही."

महिन्याने आल्या तेव्हा नर्सने चहा विचारला. बाईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप काढला. मी सांगितलं, क्षय कपातून नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. आणि आता तुमच्यापासून तोही धोका नाही. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, कप स्वतःच विसळला आणि परत त्याच कागदात गुंडाळून ठेवला.