तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीवरची कुस्ती ही मार्शल आर्ट आहे का?

ज्युदोच्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे पालक हमखास विचारतात, "सर, डब्ल्यूडब्ल्यूईमधली मारामारी खरी असते का? ती मार्शल आर्ट म्हणायची का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. निकाल आधीच ठरलेला असतो. १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कंपनीनेच हे मान्य केलं. खेळ म्हटलं की सरकारी नियंत्रण आलं, करमणूक म्हटलं की सुटका. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी सरळ 'नाही' म्हणत नाही.

कारण ठरवून पडणं आमच्याकडेही आहे. ज्युदोत 'काता' असतो. कोण फेकणार, कोण पडणार, कोणत्या बाजूला, सगळं आधीपासून पक्कं. त्याला कुणी नाटक म्हणत नाही. पण कात्याच्या जोडीला 'रांदोरी'ही असते: समोरचा जीव तोडून विरोध करतोय आणि तरी डाव लावायचाय. माझी कसोटी हीच. विरोधाचा सराव जिथे होतो तिथे युद्धकला टिकते.

टीव्हीवरच्या कुस्तीचा हा धंदा ज्या मुळातून निघाला, तिथे असा सराव भरपूर होता. इंग्लंडच्या लँकेशायर भागात कामगारांची 'कॅच-ॲज-कॅच-कॅन' नावाची कुस्ती चाले. पाठ टेकवा, नाहीतर सांधा असा पिळा की समोरचा आपणहून हार मानेल. आपला गामा १९१० साली लंडनला जाऊन पोलंडच्या झिबिस्कोशी लढला, तो याच पद्धतीच्या व्यावसायिक कुस्तीत. पुढे विगन गावात बिली रायलीची तालीम होती, तिला 'स्नेक पिट' म्हणत. कार्ल गॉच आणि बिली रॉबिन्सन तिथे तयार झाले. पोटासाठी ते ठरवलेल्या कुस्त्या करत, पण तालमीत कुणी कुणाला सवलत देत नसे. गॉचने ती विद्या जपानला नेली आणि तिथल्या अंतोनियो इनोकी या व्यावसायिक कुस्तीगीराला शिकवली.

त्यातला एक डाव सांगतो, डबल रिस्टलॉक. समोरच्याचं मनगट एका हाताने धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून आत घालून आपलंच मनगट पकडायचं आणि त्याचा हात पाठीमागे वळवत न्यायचा. एका जागी खांदा थांबतो. रिंगमध्ये पकडणारा त्याच्या अलीकडेच थांबतो आणि उरलेली वेदना दुसरा चेहऱ्यावर दाखवतो. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत इनोकी थांबला नाही. समोर होता अक्रम पैलवान, गामाचा पुतण्या. तो हार मानेना आणि त्याचा हात गेला. मला त्या प्रसंगाचं कौतुक नाही, वाईटच वाटतं. पण तो डाव खोटा होता असं कोण म्हणेल?

आणि पडण्याबद्दलही बोलायला हवं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, पाठ आणि दोन्ही हात एकाच वेळी खाली. माझ्या वर्गातली मुलं महिनोन् महिने हेच घोटतात. रिंगमधला माणूस ते रोज रात्री करतो, तेही कठीण फळ्यांवर. वरून, उचललेल्या माणसाची मान सांभाळायची जबाबदारी त्याचीच. त्याला 'सगळं खोटं' म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो.

तरीही आज रिंगसाठी तयार होणाऱ्या पोरांना बहुतेक ठिकाणी कात्याचीच बाजू शिकवतात. कर्ट अँगलकडे ऑलिम्पिकचं सुवर्ण आहे, १९९६ चं. ब्रॉक लेस्नर यूएफसी या खऱ्या झुंजींच्या स्पर्धेचा विजेता झाला. पण दोघांच्या कुस्तीचा पाया रिंगमध्ये येण्याआधीच, हौशी कुस्तीत घातला गेला होता. जपानचा व्यावसायिक कुस्तीगीर काझुशी साकुराबा, त्याचं तसं नाही. कॉलेजात तोही हौशी कुस्ती खेळलेला, पण १ मे २००० रोजी टोकियोत, खऱ्या झुंजीत, ब्राझीलच्या जुजुत्सू घराण्यातल्या रॉयस ग्रेसीला त्याने नव्वद मिनिटं झुंजवलं आणि शेवटी ग्रेसीच्या कोपऱ्यातून हार मानून टॉवेल फेकावा लागला. त्याच वर्षी त्याच घराण्यातल्या रेन्झो ग्रेसीचा हात त्याने त्याच डबल रिस्टलॉकमध्ये मोडला. हे सांधे पिळणं त्याला व्यावसायिक कुस्तीतच मिळालं, आणि तिथे त्याला शिकवणाऱ्यांत विगनचा बिली रॉबिन्सन होता.