कर्नलमधला वेब सर्व्हर आणि अडकलेला आरएममॉड

चवथीला आठवडा असताना फोंड्याच्या घरी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या, सामानाची यादी करत होतो. सुपारीची शिपटी, नारळ, चिबूड, तवसं. काय आलं, काय बाकी, हे घरातल्या सगळ्यांना फोनवर दिसावं म्हणून एक साधं पान द्यायचं होतं. पण मला ते लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आतूनच द्यायचं होतं. बरीच वर्षं मनात होतं.

लिनक्स २.४ मध्ये केएचटीटीपीडी नावाचा असा कर्नलमधला वेब सर्व्हर होता, आणि रेड हॅटच्या इंगो मोल्नारने टक्स हा तसाच सर्व्हर लिहिला होता. फाइल कर्नलकडून प्रोग्रॅमकडे आणायची आणि नेटवर्कवर पाठवायला परत कर्नलच्याच हाती द्यायची, हा हेलपाटा त्यांना वाचवायचा होता. पुढे सेंडफाइल आणि ईपोल या लिनक्सच्याच सोयींमुळे हे काम बाहेरूनही छान भागू लागलं, आणि केएचटीटीपीडी कर्नलमधून निघाला.

मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता येणारा तुकडा, लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. विनंती वाचायला मी फंक्शनमध्येच ८ केबीचा ॲरे घेतला होता. ६४ बिट इंटेल मशीनवर कर्नल थ्रेडचा, म्हणजे कर्नलमध्ये चालणाऱ्या एका कामाचा, अख्खा स्टॅकच (फंक्शनमधले ॲरे राहतात ती जागा) १६ केबी असतो. कंपायलरने इशारा दिला, तेव्हा ती जागा स्टॅकबाहेर, केमॅलॉकने मागून घेतली. असले इशारे कर्नलमध्ये कधीच सोडू नयेत. इथे चूक झाली तर एक प्रोग्रॅम नाही, सगळं मशीन बसतं. म्हणून तुम्ही करणार असाल तर व्हर्च्युअल मशीनमध्येच करा.

इन्समॉड या कमांडने मॉड्यूल कर्नलमध्ये घातलं, फोनवर पान उघडलं. फार आनंद झाला. मग मॉड्यूल काढायला आरएममॉड दिलं, आणि टर्मिनल थिजलं. कंट्रोल-सी चालेना, जबरदस्तीने बंद करणारं किल -९ सुद्धा नाही. चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या पीएसमध्ये आरएममॉडपुढे 'डी' दिसत होता, म्हणजे सिग्नलनेही न मोडणारी झोप. दोनेक मिनिटांनी डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ओळ आली : १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकलेला.

मी रीबूट करणार, तोच प्रॉम्प्ट आपोआप परत आला. माझा हातही लागला नव्हता. वरच्या खोलीतून पुतणी म्हणाली, "काका, तवसं आलं की नाही बघत होते, आत्ताच पान उघडलं."

तिथेच उलगडा झाला. आरएममॉड केथ्रेड_स्टॉप या थ्रेड थांबवणाऱ्या फंक्शनमध्ये थांबला होता, आणि पान देणारा माझा थ्रेड कर्नल_ॲक्सेप्टमध्ये नव्या जोडणीची वाट बघत झोपला होता. केथ्रेड_स्टॉप त्याला जागं करतो, पण जोडणी नाही आणि सिग्नलही नाही, हे पाहून तो परत झोपतो. पुतणीची विनंती आली तेव्हा तो खरा बाहेर पडला, तिला पान दिलं, आणि मगच 'थांबायचंय का' ही माझी अट त्याने तपासली.

दुरुस्ती एका ओळीची. थ्रेडला थांबवण्याआधी ऐकणारा सॉकेट, म्हणजे जोडण्या जिथे येतात ते टोक, कर्नल_सॉक_शटडाउनने बंद करायचा. मग ॲक्सेप्ट एरर घेऊन लगेच परततो. पुन्हा इन्समॉड केलं, पुतणीला एकदा पान उघडायला लावलं आणि मग फोन खाली ठेवायला सांगितला. आरएममॉड दिलं. प्रॉम्प्ट लगेच आला.