तुम्ही विचारलंत म्हणून: वेबसाइट स्वस्त, पार्सल महाग

‘भाऊ, ऑनलाइन दुकान टाकाचं आहे, किती पैसे लागतीन?’ विदर्भातल्या समुद्रपूर, भिवापूर, पवनीकडची हळद-मिरची-तांदूळवाली मंडळी हे विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात वेबसाइटचा खर्च असतो. खरं तर तोच सगळ्यांत लहान आकडा आहे. डॉट इन नाव, म्हणजे डोमेन, साधारण हजाराच्या आत येतं, साधं होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, वर्षाला तीन-चार हजारांत, आणि वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स हे दुकानाचं सॉफ्टवेअर फुकट. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी नसते, म्हणून घेतानाच नूतनीकरणाचा दर पाहून ठेवायचा. तालुक्याचा एखादा पोरगा १५-२० हजारांत सगळं बनवून देत असेल तर खुशाल द्या, पण डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्यायला लावा. ते त्याच्या खात्यात राहिलं आणि उद्या बिनसलं, तर दुकानाची पाटी त्याच्याकडे आणि तुम्ही रस्त्यावर.

कागदपत्रांचंही तसंच. सरकारी फी कमी, धावपळ जास्त. खाण्याची वस्तू पाकिटात भरून विकायची म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. छोट्या उत्पादकाला तिचं शुल्क वर्षाला शंभराच्या घरात पडतं. सेवा केंद्रवाला दीड हजार सांगतो तेव्हा बाकीची त्याची मजुरी. वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंद करायला ५०० रुपये, आणि वजनकाट्यावर दरवर्षी शिक्का. छोटा उद्योग म्हणून करायची ‘उद्यम’ नोंदणी फुकट. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, ग्रॅम किंवा किलोमागे दर, पॅकिंगचा महिना-वर्ष, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन लागतोच. ‘वायगाव हळद’ किंवा ‘भिवापूर मिरची’ ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावं आहेत. ती छापायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते; शेत त्या गावात आहे एवढ्यावर भागत नाही.

जीएसटीचा घोळ जरा समजून घ्या. नोंदणीला फी नाही. स्वतःच्या वेबसाइटवरून फक्त महाराष्ट्रातच माल पाठवत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र मालाचं एक पाकीट रायपूरला किंवा हैदराबादला गेलं की नियमाने पहिल्या रुपयापासून नंबर हवा. आपल्याला छत्तीसगड, तेलंगणा पुण्यापेक्षा जवळ, त्यामुळे हा प्रश्न लवकरच दारात येतो. अनेकांचा माल विकणाऱ्या मोठ्या साइटवर राज्यापुरतंच विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३पासून जीएसटी नोंदणीशिवाय, जीएसटी पोर्टलवरून मिळणाऱ्या नुसत्या एनरोलमेंट नंबरवर विकता येतं. अर्ज अडतो तो पत्त्यापाशी: घर आजोबांच्या नावावर, लाईट बिल काकांच्या. ग्रामपंचायतीची घरटॅक्स पावती, नमुना ८ आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याचं संमतीपत्र आधीच जुळवून ठेवा.

आता खरा खर्च. कुरिअर ५०० ग्रॅमच्या टप्प्यांत पैसे मोजतं. एक किलो डाळ पाकीट, खोकं, टेप धरून ११०० ग्रॅम भरली की बिल दीड किलोचं. म्हणून पाकीट ९०० ग्रॅमचं करा, चालतं. हळद अर्ध्या किलोऐवजी ४०० ग्रॅमची करा. दुसरी मेख आकाराची: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या ५०००ने भागतात, काही ४०००ने, आणि ते वजन खऱ्यापेक्षा जास्त निघालं तर तेच धरतात. २० गुणिले १५ गुणिले ८चं खोकं म्हणजे २४००, भागिले ५०००, म्हणजे ४८० ग्रॅम. हळद बसली. पण कुरड्या ३० गुणिले २५ गुणिले २०च्या खोक्यात भरल्या की काट्यावर किलोभर आणि बिलात तीन किलो. कुरड्या, सरगुंडे दूर पाठवणाऱ्यांचं कंबरडं इथेच मोडतं. वजनावरून वाद होतोच, म्हणून काट्यावर ठेवलेल्या बंद खोक्याचा आकडा दिसेल असा फोटो आणि टेप लावलेला दुसरा फोटो काढून ठेवा. तक्रारीची मुदत मोजक्या दिवसांची असते.

एका पाकिटाचा हिशेब मांडू. आकडे धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. ४०० ग्रॅम हळद पूड, ग्राहकाला घरपोच ३०० रुपयांत. माल १००, पाऊच आणि स्टिकर १०, खोकं-टेप १२, कुरिअर ६० अधिक १८ टक्के कर म्हणजे ७१, पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी, तिचे २ टक्के अधिक त्यावरचा कर म्हणजे ७, आणि ३००मध्ये दडलेला ५ टक्के जीएसटी १४. खर्च २१४, उरले ८६. भरलेल्या कराची वजावट मिळेल ती वरची. जाहिरात, लाईट आणि तुमची मजुरी या ८६तूनच.

हेच कॅश ऑन डिलिव्हरीने पाठवा. गेटवेचे ७ वाचतात, पण पैसे गोळा करायचे करासह ४१ लागतात. ८६चे झाले ५२. दहातली दोन पार्सलं परत आली असं धरा. ‘मी मागवलंच नव्हतं’ म्हणणारे भेटतातच. परत येणाऱ्याचं जायचं भाडं ७१, यायचं ७१, खोकं १२, मिळून १५४; दोनांचे ३०८. आठ पोचलेल्यांचे ४१६ मिळाले होते, त्यातून ३०८ गेले. दहा पार्सलांमागे हाती राहिले १०८. आगाऊ पैसे घेतले असते तर ८६०. म्हणून सुरुवातीला कॅश ऑन डिलिव्हरी बंदच ठेवावी असं आमचं स्पष्ट मत. द्यायचीच असेल तर कुरिअर भाड्यापुरते १०० रुपये आधी मागा आणि पाठवण्याआधी फोन करून खात्री करा.

पिकअपचंही आधी बघा. तुमच्या पिनकोडवर डिलिव्हरी होते म्हणजे पिकअप होतो असं नाही. कुरिअरचा माणूस गावात येत नसेल तर पार्सलं तालुक्याला किंवा जिल्ह्याला नेऊन द्यावी लागतात, आणि तीन पार्सलांसाठी गाडी काढली तर पेट्रोल नफा खातं. आठवड्यातले दोन दिवस ठरवून टाका आणि तसं वेबसाइटवर लिहा. पोस्टाचा स्पीड पोस्ट जवळपास सगळीकडे पोचतो. जिथे कुरिअर नाही म्हणतं तिथे हाच आधार. निघण्याआधी पोस्टाचं सर्व्हर त्या दिवशी सुरू आहे का, एक फोन करून विचारा.

सामानात हौस नको. हातानं दाबायचं सीलिंग मशीन हजार-दीड हजारात मिळतं, रोजच्या वीस-पंचवीस पाकिटांना पुरतं. छापील पाऊचची ऑर्डर हजारांत घ्यावी लागते. पत्ता किंवा लायसन्स नंबर बदलला की सगळे रद्दी. साधा पाऊच आणि स्टिकर बरा. लेबल प्रिंटर नंतर घ्या, तोवर ए-फोरच्या चौथ्या भागावर पत्ता छापून वरून पारदर्शक टेप. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या टेपचा डिंक पातळ होतो आणि खोकी वाटेत उघडतात. टेप माठाजवळच्या थंड खोलीत ठेवा. पावसाळ्यात हळद ओलसर होऊन गुठळ्या धरते, डाळीला सोंडे लागतात, म्हणून वर्षभराचा माल आधीच पाकिटांत भरू नका. हळकुंड तसंच ठेवून महिन्यापुरतंच दळा.

माल मात्र हंगामातच घ्यावा लागतो आणि पैसा सगळ्यात जास्त तिथेच अडकतो. हंगामात शंभर किलो हळद घेतली तर ती विकून संपायला दिवाळी येते. वरून गेटवेचे पैसे दोन-तीन दिवसांनी, कॅश ऑन डिलिव्हरीचे आठवडाभराने किंवा उशिरा. त्यामुळे वेबसाइट, कागद आणि सामान मिळून २५-३० हजार धरले असतील, तर निदान तेवढेच मालासाठी आणि परतीच्या पार्सलांसाठी बाजूला ठेवा. हे पैसे कर्जाचे नसावेत.

आणि दुकान नाहीच चाललं तर नुसती वेबसाइट बंद करून भागत नाही. जीएसटीचा नंबर असेपर्यंत शून्य विक्रीचंही विवरण भरावं लागतं. चुकलं की प्रत्येक उशिरा विवरणामागे दिवसाला २० रुपये, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. पोर्टलवर नोंदणी रद्द करायचा अर्ज टाका आणि शेवटचं विवरण, जीएसटीआर-१०, नोंदणी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत भरा.