गुलमोहराचं वय ठरेपर्यंत: माझा अनुभव

झाडं छाटायची-तोडायची कामं मी घेतो. महापालिकेचं परवानगीपत्र हातात आल्याशिवाय आमची माणसं झाडाला दोर बांधत नाहीत. महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं म्हणजे तोडणंच धरलंय, त्यामुळे छाटणीलाही परवानगी लागते. ते योग्यच आहे. पण यंदा एका गुलमोहराच्या फाइलीनं जीव नकोसा केला.

झाड सोसायटीच्या गेटपाशी. बुंध्याला मातीलगत अळंबी फुटलेली, हातोडीनं ठोकलं की एका अंगानं ढब्ब आवाज. म्हणजे आतून पोकळ. आणि शाळेच्या बसची मुलं नेमकी त्याखालीच उभी राहायची. अर्ज, सोसायटीचा ठराव, फोटो, सगळं विनाकटकट जमा झालं. पाहणीला आलेल्यांनी झाड धोकादायक असल्याचं मान्यही केलं. फाइल अडली ती वयाच्या रकान्यावर.

या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीपासून सगळं वयावर येऊन ठेपलंय. झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, तीही 6 ते 8 फुटांची, जिओ-टॅगिंग म्हणजे नकाशावर जागेची नोंद करून, आणि 7 वर्षं सांभाळायची. 50 वर्षं भरली की झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष. इथे छातीच्या उंचीवर टेप लावून घेर मोजला आणि वय लिहिलं 52! अहो, गुलमोहर भराभर फुगतो. तेवढ्याच घेराची चिंच आणि हा एका वयाचे कसे असतील? टेबलापुढे उभा राहून मी हे परोपरीनं सांगितलं. उत्तर एकच, "लेखी पुरावा आणा." पुन्हा गेलो तर साहेब मीटिंगला. मग त्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांना पाहणी पहिल्यापासून हवी. तेवढ्यात वळवाच्या पावसात एक जाड फांदी पार्किंगमध्ये कोसळली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. वय कागदावर नंतरही दुरुस्त करता येतं, पोकळ बुंधा तोवर थांबत नाही. धोकादायक ठरलेल्या झाडाचा निर्णय या रकान्यासाठी अडवून धरणं मला आजही पटत नाही.

सेक्रेटरी काकांनी कपाटातून इमारतीचा मंजूर नकाशा काढला आणि गाठ सुटली. प्लॉटवरची जुनी झाडं त्यात गोल करून दाखवली होती, गेटची जागा मोकळी. भोगवटा प्रमाणपत्र 1990 चं. म्हणजे झाड त्यानंतरचं. वय 34 वर आलं तेव्हा भर कार्यालयात माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा नकाशा आणि भोगवटापत्र पहिल्याच अर्जाला जोडा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. झाडावर चिकटवलेल्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि हो, चढण्याआधी घरटी बघा. पिल्लं असतील तर परवानगी असली तरी काम थांबवायचं, आम्ही थांबवतो. कामाच्या दिवशी परवानगीची प्रत गेटवर लावा, नाहीतर शेजारचे पोलिसांना फोन करतात. तेही चुकीचं नाही.

बदल्यातली 34 झाडं शाळेच्या मैदानाकडेला लावलीत. कडुनिंब, बहावा आणि ताम्हण. पहिल्या उन्हाळ्याचं पाणी आमच्याकडे आहे, पुढचं सोसायटीनं लिहून दिलंय.